माघ-फाल्गुनाची हवा : लहरी की नियमाची?



फेब्रुवारी महिना लागला की आपल्या पयनघाटातली हवा कोणाच्या हाती लागत नाही. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी अंगात सदरा नकोसा होतो. चार दिवस आकाश निळेशार असते. पाचव्या दिवशी आभाळ भरून येते, वारा सुटतो, टपोरे थेंब पडतात. कधी गारही पडते. मग पारावर बसलेली मंडळी म्हणतात, "आभायाचा काही भरवसा नाही बाप्पा!"

आभाळाचा भरवसा नाही हे खरे. पण भरवसा नाही म्हणजे त्याला काही नियमच नाही, असे मात्र नव्हे. या दिवसांत हवा का बदलते, गार कशी तयार होते, आणि बदल येण्याआधी कोणत्या खुणा दिसतात, हे आपल्याला समजू शकते. समजले तर काढून ठेवलेला हरभरा वाचतो, आणि कधी कधी माणूसही वाचतो. म्हणून हा पाठ.

१. पयनघाट म्हणजे काय?

उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगडच्या रांगा. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. या दोहोंच्या मधे पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट मैदान. यालाच पूर्वीपासून पयनघाट म्हणतात. अकोला, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर ही गावे याच मैदानात आहेत. पूर्णा नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते.

आता नकाशात समुद्र किती दूर आहे ते पाहा. अरबी समुद्र येथून ४०० किलोमीटरांपेक्षा जास्त, तर बंगालचा उपसागर ६०० किलोमीटरांपेक्षा जास्त दूर. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

२. हा ऋतू कोणता?

पंचांग सांगते, माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, आणि चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. तरी वसंत पंचमी येते ती माघातच! हवामान खात्याचा हिशोब वेगळा आहे. तेथे जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा, आणि मार्च ते मे हा पावसाळ्यापूर्वीचा उन्हाळा.

शेतकऱ्याला विचारा, तो तिसरेच काही सांगेल. पळस पेटला, निंबाची पानं गळायला लागली, आंब्याला मोहर आला, हरभरा सोंगणीला आला, म्हणजे हिवाळा सरत आला.

तिघेही बरोबरच आहेत. एक ऋतू जात आहे, दुसरा येत आहे, आणि दोघांची उंबरठ्यावर गाठ पडली आहे. गाठ पडली की धक्काबुक्की होणारच.

३. सूर्य वर चढतो : काठीचा प्रयोग

थंडी का जाते? सूर्य जवळ येतो म्हणून, असे पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. उलट पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन थंडीत! खरे कारण आहे सूर्याची आकाशातली उंची. ती मोजायला मोठे यंत्र लागत नाही. एक काठी पुरते.

करून पाहा : एक मीटर उंचीची सरळ काठी अंगणात उभी रोवा. दुपारी सव्वाबारा ते पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजा. सर्वांत लहान सावली कोणती ते लिहून ठेवा. (आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा नव्हे, साधारण १२ वाजून २० ते ३० मिनिटे झालेली असतात. कारण आपले घड्याळ ज्या रेखावृत्तावरून लावले आहे, ते आपल्या बरेच पूर्वेला आहे.)

२२ डिसेंबरला ही सावली सुमारे ९७ सेंटिमीटर पडते. म्हणजे जवळजवळ काठीएवढीच. २१ मार्चला तीच सावली सुमारे ३८ सेंटिमीटर होते. आणि मेच्या चौथ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की काठीची सावली तिच्या पायातच बसते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात.

सावली आखूड झाली म्हणजे किरण सरळ पडू लागले. सरळ किरण थोड्या जागेवर पडतात, म्हणून ती जागा जास्त तापते. शिवाय दिवसही मोठा होतो. २२ डिसेंबरला आपला दिवस सुमारे ११ तासांचा असतो, २० मार्चच्या सुमारास तो १२ तासांचा होतो. किरण सरळ, त्यात एक तासाचे ऊन जास्त. मग दुपार तापणार नाही तर काय होईल?

४. दुपार तापली, मग पहाट गार का?

इथे समुद्राचे अंतर कामी येते. पाणी हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. माती मात्र लवकर तापते आणि लवकर निवते. रत्नागिरी समुद्राकाठी आहे, म्हणून तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही. आपल्या मैदानाला सावरून धरायला समुद्र जवळ नाही.

दुसरे कारण म्हणजे कोरडी हवा आणि निरभ्र आकाश. दिवसभर जमिनीने घेतलेली उष्णता रात्री वर निघून जाते. आकाशात ढग असले तर ते गोधडीसारखे काम करतात, निघालेली उष्णता पुन्हा खाली पाठवतात. ढग नसले तर जमीन उघडीच झोपते, आणि पहाटेपर्यंत गारठते.

म्हणून अकोल्याकडे फेब्रुवारीत दुपारचे सरासरी तापमान सुमारे ३२-३३ अंश सेल्सिअस असले, तरी पहाटेचे १५-१६ अंशांच्या आसपासच असते. मार्चमध्ये दुपार सुमारे ३७ अंशांवर जाते, आणि पहाट १९-२० वर.

एक गंमत पाहा. ज्या रात्री आभाळ असते, त्या रात्रीनंतरची पहाट उबदार असते. घरी आजी म्हणते, "आज थंडी कमी हाय, आभाय दिसते." आजीने शाळेतला थर्मामीटर पाहिला नसेल, पण तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे.

५. दोन वाऱ्यांची गाठ

आता मुख्य गोष्ट. आभाळ अचानक येते कोठून?

पहिला पाहुणा येतो पश्चिमेकडून. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने हवेचे झोत निघतात. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून ते आपल्या देशाच्या उत्तर भागात येतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडते आणि पंजाबच्या गव्हाला हिवाळी पाऊस मिळतो तो यांच्यामुळेच. पुष्कळदा हे झंझावात वरच्यावर निघून जातात, आपल्याला कळतही नाही. पण एखादा जोरदार असला की त्याची शेपटी मध्य भारतापर्यंत लोंबते. मग उंचावर गार हवा आपल्या डोक्यावर येते.

दुसरा पाहुणा येतो पूर्व-दक्षिणेकडून. या दिवसांत बंगालच्या उपसागरावर पुष्कळदा हवेचा दाब जास्त असतो. आपल्या गोलार्धात जास्त दाबाच्या भोवती वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्या फिरण्याची पश्चिमेकडची बाजू आपल्याकडे येते, आणि तिच्याबरोबर समुद्रावरची ओलसर हवा आपल्या मैदानात शिरते. ही हवा जमिनीलगत असते आणि दुपारच्या उन्हाने तापते.

आता पाहा. खाली उबदार, ओली, हलकी हवा. वर गार, कोरडी, जड हवा. पाण्यात बुडवून धरलेला चेंडू सोडला की तो जसा उसळून वर येतो, तशी खालची हवा उसळते. वर जाताना ती थंड होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात, आणि ढग वाढत जातो. सकाळी कापसाच्या बोंडासारखे दिसणारे ढग दुपारी फुलकोबीसारखे फुगतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा डोंगर होतो. या गडगडाटी ढगाला क्युम्युलोनिम्बस असे नाव आहे. त्याचे डोके १० किलोमीटरांपेक्षाही उंच जाऊ शकते. सबंध सातपुडा त्याच्या पायाशीही पुरणार नाही!

झंझावात पुढे निघून गेला की त्याच्या मागे उत्तरेची कोरडी, गार हवा येते. म्हणूनच अवकाळी पावसानंतर दोन-तीन दिवस पुन्हा स्वेटर काढावे लागतात. मग वारा फिरतो, आभाळ मोकळे होते, ऊन तापते. आणि पुढचा झंझावात येईपर्यंत सगळे शांत.

म्हणजे हवा लहरी नाही. दोन दिशांचे दोन वारे आपल्या मैदानावर भेटतात, आणि कोणाचा जोर जास्त त्याप्रमाणे दिवस बदलतो.

६. गारेचा जन्म

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे जमिनीपासून साधारण ४ किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंश होते. त्याच्या वर ढगात जे पाण्याचे थेंब जातात, ते लगेच गोठत नाहीत. शून्याखालीसुद्धा बरेच थेंब पाणीच राहतात. पण त्यांना बर्फाचा एखादा कण भेटला की ते त्याला चिकटतात आणि तिथेच गोठतात.

असा कण जड होऊन खाली येऊ लागतो. पण खालून वर जाणारा वारा त्याला झेलतो. त्या गार थेंबांच्या गर्दीत तो जितका जास्त वेळ तरंगत राहील, तितके बर्फ त्याच्यावर चढते. वाऱ्याला त्याचा भार पेलेना, की तो धाडकन खाली येतो. तीच गार. म्हणजे गार जितकी मोठी, तितका ढगातला वर जाणारा वारा जोरदार होता असे समजावे. ज्वारीच्या दाण्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी, असे आपण म्हणतो तेव्हा आपण एका परीने ढगातला वाराच मोजत असतो.

करून पाहा : गारपीट पूर्ण थांबल्यावर, वीज चमकणे बंद झाल्यावरच, एक मोठी गार आणा. मोठ्या माणसाकडून सुरीने मधोमध कापून घ्या. आत कांद्यासारखे थर दिसतील. काही काचेसारखे, काही दुधासारखे पांढरे. पाणी सावकाश गोठले तर थर काचेसारखा होतो. झटकन गोठले तर हवेचे बुडबुडे आत अडकतात, म्हणून थर पांढरा दिसतो.

कोणी विचारील, मग जुलैत एवढे ढग येतात, तेव्हा गार का पडत नाही? पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी आणखी वर, ५ किलोमीटरांच्याही पुढे जाते, आणि खालची हवा सगळीकडे ओली व उबदार असते. बहुतेक गारा खाली येता येता विरघळून पाणी होतात.

आणखी एक प्रश्न नेहमी पडतो. एका शिवारात गारांचा सडा आणि शेजारच्या शिवारात ऊन, असे कसे? गारांचा ढग एका जागी उभा नसतो, तो चालत असतो. त्याच्या ज्या भागातून गारा पडतात तो भाग अरुंद असतो. म्हणून जमिनीवर गारांचा पट्टा पडतो. पट्ट्यात सापडला त्याचे नुकसान, बाहेर राहिला तो वाचला. त्यात कोणाच्या पापपुण्याचा हिशोब नाही.

७. शिवारात काय होते?

हा पाठ परीक्षेपुरता नाही. हवा बदलते तेव्हा आपल्या घरचे वर्षाचे धान्य शेतात असते.

हरभरा : या दिवसांत घाटे भरलेले किंवा वाळलेले असतात. ढगाळ हवेत घाटेअळीचा जोर वाढतो. गार पडली तर घाटे फुटून दाणे मातीत जातात. सोंगून गंजी लावली असेल आणि ती भिजली, तर दाणा काळा पडतो, बुरशी येते. बाजारात त्याला भाव मिळत नाही.

गहू : ओंबीत दाणा भरत असतो. जोराच्या वाऱ्या-पावसाने गहू लोळतो, आणि लोळलेला गहू काढणे जिवावर येते. पण नुसता पाऊसच वैरी नाही. दाणा भरताना ऊन फार तापले, तर दाणा लवकर पिकतो आणि बारीक राहतो.

संत्रा : वरुड, मोर्शी, अंजनगाव, अचलपूर या भागांत या दिवसांत काही बागांत मृग बहाराची फळे तोडणीला असतात, तर काही बागांत आंबिया बहाराची फुले आणि बारीक फळे असतात. एक गारपीट दोन्ही बहारांना लागते. तयार फळाला जखम होते आणि ते सडते. बारीक फळ गळून पडते. फांदीची साल सोलली गेली तर तिथून रोग शिरतो, म्हणजे पुढच्या वर्षालाही घाव बसतो.

आंबा : ढगाळ, दमट हवेत मोहरावर भुरी आणि तुडतुडे येतात. पावसाने मोहर झडतो.

हे नुसते सांगण्यापुरते नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा गारपीट झाली. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे, संत्री, सगळे मातीत गेले. माणसे आणि गुरेही दगावली. २०१८ साली ११ फेब्रुवारीपासून दोन-तीन दिवस विदर्भ-मराठवाड्यात गारा पडल्या. २०२३ च्या मार्चच्या मध्यातही अवकाळी पाऊस आणि गारा आल्या.

उन्हाचेही तसेच. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत आपल्या देशातला त्या वेळेपर्यंतचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा बारीक राहिला. त्या वर्षी १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली, त्यामागे हेही एक कारण होते. पुढच्याच वर्षी, २०२३ साली, फेब्रुवारीतले दुपारचे सरासरी तापमान १९०१ पासूनच्या सगळ्या फेब्रुवारींपेक्षा जास्त निघाले. पृथ्वीची हवा तापत चालली आहे, आणि त्याचा चटका या संधिकाळातही बसू लागला आहे.

८. म्हण तपासून पाहू

"होळी जळाली, थंडी पळाली," असे आपण म्हणतो. खरे आहे का?

२०२३ साली होळी ६ मार्चला होती. २०२४ साली ती २४ मार्चला आली. २०२५ साली १३ मार्चला. म्हणजे होळी अठरा दिवसांनी मागेपुढे झाली. कारण होळी चंद्रावर चालते, आणि ऊन सूर्यावर चालते. सूर्य मात्र दर वर्षी २०-२१ मार्चलाच विषुववृत्तावर येतो. त्यामुळे होळी लवकर आली तर नंतरही एखादा झंझावात थंडी घेऊन येतो, आणि होळी उशिरा आली तर थंडी आधीच पळालेली असते.

म्हण खोटी नाही, पण ती घड्याळही नाही. फाल्गुन सरता सरता थंडी जाते एवढे ती बरोबर सांगते. कोणत्या तारखेला जाते, ते आपणच मोजले पाहिजे.

९. आधी दिसणाऱ्या खुणा

आपल्या डोळ्यांना, कानांना आणि अंगाला कळणाऱ्या खुणा अशा :

(अ) दोन-तीन दिवस कोरडा उत्तरेचा वारा होता, तो फिरून दक्षिण किंवा पूर्व-दक्षिणेकडून येऊ लागला.
(आ) पहाट एकदम उबदार झाली. अंगाला चिकचिक वाटू लागली.
(इ) उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पातळ ढग आले. सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळे पडले.
(ई) सकाळी अकरा-बारालाच ढग फुलकोबीसारखे वर चढू लागले.
(उ) दुपारनंतर ढगाचे बूड काळेभोर झाले आणि एकाएकी गार वाऱ्याचा लोट आला. हा गार लोट म्हणजे शेवटचा निरोप. आता वेळ फार थोडा आहे.

एका खुणेवरून भविष्य सांगू नये. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर सावध व्हावे.

खुणांच्या जोडीला हवामान खात्याचा अंदाज आहेच. हे खाते १८७५ साली सुरू झाले. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. म्हणून पुण्यात त्या इमारतीला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात! १९४४ साली मुख्य कार्यालय दिल्लीला गेले. आपल्या विदर्भाचा अंदाज नागपूरच्या केंद्रातून येतो. त्यात रंगांचे इशारे असतात. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. घरी मोबाइलवर हा इशारा आला, तर मुलांनी तो मोठ्यांना वाचून दाखवावा. एवढे काम तर आपण करूच शकतो.

पिवळा किंवा नारिंगी इशारा आला की काय करायचे? सोंगलेला हरभरा उघड्यावर पसरून ठेवू नये. गंजी उंचवट्यावर लावावी, ताडपत्री झाकून तिची टोके दगडांनी दाबावी. गव्हाला पाणी द्यायचे असेल तर वारा पडेपर्यंत थांबावे, ओल्या जमिनीत गहू लवकर लोळतो. गुरे झाडाखाली न बांधता गोठ्यात आणावी. नुकसान झालेच, तर गावच्या महसूल आणि कृषी कर्मचाऱ्यांना लगेच कळवावे, म्हणजे पंचनामा वेळेवर होईल.

१०. वीज : हे मात्र पाठच करा

गारेने पीक जाते. विजेने माणूस जातो. सोंगणीच्या दिवसांत मंडळी उघड्या शेतात असतात, म्हणून धोका अधिक.

वीज चमकली की मोजायला लागा : एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून ३ सेकंद म्हणजे सुमारे १ किलोमीटर. ९ सेकंद मोजले तर वीज ३ किलोमीटरांवर पडली. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर काम जिथल्या तिथे सोडून पक्क्या घरात जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये.

झाडाखाली उभे राहू नये. एकटे झाड तर मुळीच नको. विजेचा खांब, तारेचे कुंपण, विहिरीवरची मोटार यांपासून दूर राहावे. जवळ घर नसेल तर सखल जागी, दोन्ही पाय जुळवून, गुडघ्यांत डोके घालून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. चार जण असाल तर एकमेकांपासून अंतर ठेवावे. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नये. लगेच मदत करावी आणि १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने दामिनी नावाचे मोबाइल अ‍ॅप तयार केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सूचना देते. पालकांनी ते मोबाइलवर घ्यावे, अशी आमची विनंती.

११. आपली हवेची वही

डॉक्टर नाडी पाहतो तशी आपण हवेची नाडी पाहू. एका वहीत सहा रकाने आखा : तारीख, पहाटेचे तापमान, दुपारचे तापमान, वारा कोणीकडून, ढग कसे, विशेष.

थर्मामीटर सावलीत, भिंतीला न टेकवता, साधारण दीड मीटर उंचीवर टांगा. उन्हात टांगला तर तो हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगेल! वाऱ्याची दिशा पाहायला उंच काठीला कापडाची चिंधी बांधा. चिंधी दक्षिणेकडे उडत असेल, तर वारा उत्तरेकडून येतो आहे. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. वाऱ्याला नाव द्यायचे ते तो जिकडून येतो त्या दिशेचे.

समजा, पहाटे १६ अंश आणि दुपारी ३४ अंश भरले. वजाबाकी केली, ३४ - १६ = १८. हा दिवसाचा फरक. समजा, दुसऱ्या दिवशी पहाटे २० आणि दुपारी ३० भरले. फरक १०. फरक एकदम कमी झाला, म्हणजे हवेत ओल आणि आकाशात ढग आले असावेत. आता ढगांच्या रकान्यात पाहा, जुळते का? दोन आकड्यांच्या वजाबाकीतून ढगाची चाहूल लागते, ती अशी.

वही एका वर्षाची असेल तर ती नुसती नोंद. पाच वर्षांची झाली तर ती गावाची दौलत होईल. आपण सातवी पास होऊन जाऊ, तेव्हा वही सहावीच्या मुलांच्या हाती द्यायची. मधे खंड पडू द्यायचा नाही. सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी पाळीने यायचे.

लक्षात ठेवा

— सूर्याची उंची वाढते म्हणून दुपार तापते. हवा कोरडी व आकाश निरभ्र म्हणून पहाट गार राहते.
— वर पश्चिमेची गार हवा, खाली समुद्राकडची ओली हवा, यांची गाठ पडली की गडगडाट, पाऊस आणि गारा.
— गार मोठी, तर ढगातला वारा जोरदार.
— वारा फिरला, पहाट उबदार झाली, ढग वर चढू लागले, की गंजी झाका.
— ३० सेकंदांच्या आत गडगडाट, तर घरात.

प्रश्न

१) रत्नागिरीपेक्षा अकोल्याला दिवस-रात्रीच्या तापमानात जास्त फरक का पडतो?
२) वीज चमकल्यानंतर १५ सेकंदांनी आवाज आला. वीज किती किलोमीटरांवर पडली? तुम्ही काय कराल?
३) पावसाळ्यात गारा फारशा का पडत नाहीत?
४) घरातल्या वडील माणसांना विचारा : त्यांच्या आठवणीतली सर्वांत मोठी गारपीट कोणत्या साली झाली? गार केवढी होती? त्या वर्षी घरात धान्य कसे पुरले? ऐकलेले लिहून आणा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही. ते तुमच्या घरीच आहे. आलेली सर्व उत्तरे पुढच्या महिन्यात याच भिंतीवर लावू.

— इयत्ता सातवीचा हवामान गट